खरे आहे म्हणून लिहावे का?



काही महिन्यांपूर्वी रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर आपले चार-पाच युवक-युवती धर्मगुरुनिवासात आले. "फादर, आम्ही सगळे आता थ्रेड्सवर आहोत. तुम्हीही या. प्रवचन गेटाबाहेर पडेपर्यंत विसरले जाते, तिथे लिहिलेले राहते." प्रवचनाविषयीचा शेरा मनाला थोडा लागला, पण तो खोटा नव्हता. मी फोन त्यांच्या हाती दिला. नाव, फोटो, दोन ओळींचा परिचय, कोणाकोणाचे लिखाण वाचायचे त्यांची यादी, असे सारे पाच मिनिटांत आटोपले. बाळाचे नाव ठरवायला आईवडिलांना महिना पुरत नाही. इथे मात्र पाच मिनिटांत माझा नवा जन्म झाला आणि समोर एक रिकामी चौकट आली, "नवीन काय?" असे विचारणारी.

आपल्यातील ज्येष्ठांसाठी थोडे सांगतो. थ्रेड्स हे मुख्यतः शब्दांचे व्यासपीठ आहे. जुलै २०२३ मध्ये ते सुरू झाले आणि पहिल्या पाच दिवसांत दहा कोटी लोकांनी तिथे नाव नोंदवले. एका वेळी पाचशे अक्षरे लिहिता येतात. याच जातीचे ट्विटर २००६ साली आले. तिथे आधी १४० अक्षरांची मर्यादा होती, २०१७ मध्ये ती २८० झाली. २०२३ पासून त्याचे नाव एक्स आहे. अशा ठिकाणी ख्रिस्तसभेने जाऊ नये, असे मुळीच नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी १२ डिसेंबर २०१२ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, ट्विटरवर आपला पहिला संदेश पाठवला. त्याच वर्षीच्या जागतिक संपर्क दिनाच्या संदेशात त्यांनी म्हटले होते की, बायबलमधील एखाद्या ओवीएवढ्या छोट्या वाक्यातूनही खोल विचार पोहोचवता येतो. पण त्या संदेशाचा विषय होता मौन आणि शब्द. मौन आधी, शब्द नंतर. हा क्रम मी वाचला होता. पाळला मात्र नाही.

पहिले दोन आठवडे मी शुभवर्तमानावर एखाददुसरे वाक्य लिहीत होतो. आठ-दहा जण वाचत, दोघे-तिघे हृदयाचे चिन्ह दाबत. तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे एक लग्न झाले. आदल्या रात्री उशिरापर्यंत डीजे वाजला, फटाके उडाले आणि दुसऱ्या दिवशी लग्नाची मंडळी मिस्साला चाळीस मिनिटे उशिरा आली. गायकवृंद ताटकळत बसला होता, मी झगा घालून दारात उभा होतो. त्या संध्याकाळी मी थ्रेड्सवर चार वाक्ये लिहिली. कर्ज काढून आकाशात दारू उडवणाऱ्यांना वेदीपाशी वेळेवर येणे का जमत नाही, असा त्यांचा आशय होता. नाव कोणाचेही घातले नाही. झोपायच्या वेळेपर्यंत दोनशेवर हृदये जमली होती. खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले.

पण त्या आठवड्यात आपल्याकडे लग्न एकच होते. नाव घालायची गरजच नव्हती.

चौथ्या दिवशी मुलीचे वडील आले. ओट्यावरच उभे राहिले, आत येईनात. म्हणाले, "फादर, तुम्ही लिहिले त्यातले काहीच खोटे नाही. माझ्या दारात येऊन बोलला असता तर मी मान खाली घालून ऐकून घेतले असते. पण तिच्या सासरी कोणीतरी ते फोनवर वाचून दाखवले, सगळे जेवायला बसलेले असताना. चार दिवसांची नवरी आहे ती." एवढे बोलून ते निघून गेले. चहाही घेतला नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. तो आज तुमच्यापुढे ठेवतो. एखादी गोष्ट खरी आहे, एवढ्यावर ती चारचौघांत लिहिण्याचा अधिकार मला मिळतो का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना प्लेटोचा 'फीड्रस' हा संवाद आम्हाला अभ्यासाला होता. सॉक्रेटिस त्यात लेखनाविषयी एक तक्रार करतो. लिहिलेला शब्द एकदा सुटला की कुठेही भटकतो. ज्याला तो समजेल त्याच्याकडे जातो, तसा ज्याचा त्याच्याशी काही संबंध नाही त्याच्याकडेही जातो. कोणापाशी बोलावे आणि कोणापाशी गप्प राहावे, हे त्याला कळत नाही. आणि त्याच्यावर वेळ आली की त्याला आपल्या बापाची मदत लागते, कारण तो स्वतःचा बचाव करू शकत नाही. परीक्षेत मी यावर चांगले गुण मिळवले होते. अर्थ मात्र त्या दिवशी ओट्यावर कळला. माझी चार वाक्ये एका अनोळखी घराच्या जेवणाच्या ताटांपर्यंत गेली. त्यांचा बाप, म्हणजे मी, तिथे नव्हतो. तिथे होती फक्त ती मुलगी.

संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे. समोरासमोर अपमान करणे हे त्यांच्या मते दरोड्यासारखे, तर पाठीमागे नाव खराब करणे हे चोरीसारखे. माणसाचे चांगले नाव ही त्याची मालमत्ता आहे, इतर धनापेक्षा मोलाची. म्हणूनच ख्रिस्तसभेची शिकवण दोन पापांत फरक करते. खोटे सांगून कोणाला काळे फासणे हे कुभांड. पण कोणाचा खरा दोष, योग्य कारणाशिवाय, ज्यांना तो माहीत नव्हता त्यांच्यापुढे उघडा करणे, हेही पाप आहे. "पण फादर, ते खरेच होते," हा बचाव प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी मी अनेकदा ऐकला आहे. आता तोच बचाव माझ्या तोंडी आला होता.

संत थॉमस आणखी एक प्रश्न विचारतात. निंदा आनंदाने ऐकून घेणाऱ्याचे काय? त्यालाही ते दोषातून मोकळे करत नाहीत. त्यांच्या काळी निंदा ऐकणारा नुसता ऐकत असे. आज तो हृदयाचे चिन्ह दाबतो, तेच लिखाण पुढे पाठवतो. म्हणजे चोरीचा माल एका घरातून दुसऱ्या घरात नेतो. त्या रात्री हृदय दाबणारे दोनशे जण होते. पण आधी चोरी मी केली होती, म्हणून त्यांना बोल लावायला मला तोंड नाही.

संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात प्रभू येशूने याची रीत घालून दिली आहे. भाऊ चुकला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जावे. ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यावे. तरीही ऐकले नाही तर मग मंडळीला सांगावे. ही शिडी आहे आणि तिची प्रत्येक पायरी भावाला परत मिळवण्यासाठी आहे. या नव्या व्यासपीठांवर ती शिडी आपण उलटी लावतो. आधी सगळ्या जगाला सांगतो, मग दोघेतिघे आपापसात चर्चा करतो. आणि त्या भावाच्या दारात? तिथे आपण जातच नाही. भाऊ परत मिळवणे हा हेतूच उरत नाही.

कोणी म्हणेल, मग अन्यायाविरुद्धही गप्प बसायचे का? नाही. आपल्या वसईला तरी हे सांगायला नको. इथली शेते, विहिरी आणि वाड्या वाचवण्यासाठी आपली माणसे उघडपणे बोलली, लिहिती झाली, रस्त्यावर उतरली. जी गोष्ट सगळ्यांची आहे, जिने सगळ्यांचे नुकसान होते, ती सगळ्यांसमोर बोललीच पाहिजे. आवश्यक अशा चांगल्या कारणासाठी, परिस्थितीचे भान ठेवून दुसऱ्याची चूक सांगणे हे पाप नव्हे, असे संत थॉमसही म्हणतात. पण नाथान संदेष्टा आठवा. दावीद राजाचे पाप लहान नव्हते. नाथान राजवाड्यात गेला, राजासमोर उभा राहिला, त्याला एका कोकराची गोष्ट सांगितली आणि मग त्याच्या तोंडावर म्हणाला की तो माणूस तूच. त्याला धैर्य लागले. मला माझ्या खोलीत बसून, अंगठ्याने लिहिताना कसले धैर्य लागले? चाळीस मिनिटांचा उशीर ही काही सगळ्या वसईच्या नुकसानीची गोष्ट नव्हती. माझा अपमान झाला होता, एवढेच. त्याला मी संदेष्ट्याचे कपडे घातले.

चोरी केली तर नुसती क्षमा मागून भागत नाही, माल परत द्यावा लागतो. चांगल्या नावाचेही तसेच आहे, ते भरून द्यावे लागते. मी तो मजकूर काढून टाकला, पण त्याचा फोटो वॉट्सॲपवर फिरत होता. जाहीर माफी लिहावी तर ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल. शेवटी मी मुलीच्या वडिलांकडे गेलो आणि त्यांच्या संमतीने तिच्या सासरी जाऊन आलो. त्यांनी मला नीट वागवले. पण दोनशे जणांकडून नेलेले एका घरात जाऊन परत देता येत नाही. ही उधारी माझ्या नावावर आहे आणि ती मी विसरू नये, अशी प्रार्थना करतो. तिच्या वडिलांच्या परवानगीनेच हे आज इथे लिहीत आहे.

मी थ्रेड्स सोडलेले नाही. संत फ्रान्सिस डी सेल्स हे लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत आहेत, १९२३ साली पोप पायस अकरावे यांनी त्यांना तो मान दिला. शाब्ले प्रांतात लोक त्यांचे प्रवचन ऐकायला येईनात, तेव्हा ते कागदावर लिहून ती पाने घरांच्या दाराखालून आत सरकवत. त्या काळचे ते शब्दांचे व्यासपीठच होते. पण दाराखालून कागद सरकवायला आधी त्या दारापर्यंत चालत जावे लागते. माणसाचे घर दिसते, आतल्या मुलांचा आवाज कानावर येतो.

म्हणून तुमच्यापैकी जे अशा ठिकाणी नव्याने जात आहेत, त्यांना एवढेच सांगतो. आपल्या खऱ्या नावाने जा, बाप्तिस्म्यात मिळालेल्या नावाची लाज वाटेल असे तिथे काही लिहू नका. पहिले काही दिवस नुसते वाचा, मौन आधी. कोणाविषयी लिहायचे झाले तर त्याचे दार डोळ्यांसमोर आणा. तिथे जाऊन हे बोलता येईल का? येत असेल, तर आधी तिथेच जा. येत नसेल, तर लिहूही नका. आणि माझ्या लिखाणात असे काही दिसले तर मला येऊन सांगा. धर्मगुरुनिवासाचे दार उघडे आहे.

प्रभू येशूने लिहिल्याचा उल्लेख शुभवर्तमानात एकाच प्रसंगी येतो. पापात सापडलेल्या एका स्त्रीला लोकांनी मध्ये उभे केले होते. तिच्यावरचा आरोप खोटा नव्हता. लोक धोंडमाराची भाषा करत होते. प्रभू खाली वाकला आणि बोटाने जमिनीवर लिहू लागला. काय लिहिले ते कोणी टिपून ठेवले नाही. पायांखाली ती अक्षरे पुसून गेली असतील. ती स्त्री मात्र जिवंत राहिली.

आपल्या प्रार्थनेत माझी आठवण ठेवा.

प्रभूच्या सेवेत,
आपला धर्मगुरू