झाडीपट्टीतली फुरसत आणि इंग्रजी विशेषणे

फुरसत, वृत्ती आणि राहणी सांगण्यासाठी शिकवली जाणारी इंग्रजी विशेषणे बहुधा एकेका माणसाला लागतात: ॲक्टिव्ह, बिझी, सोशल, लेझी. पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरीतली मुलेही ती पाठ करतात आणि मुलाखतीत स्वतःला लावून दाखवतात. पण झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्या धानपट्ट्यात ती वाढतात, तिथली फुरसत एकट्याची नसते. ती हंगामाची असते आणि गावाची असते.

जूनमध्ये धानाचे पऱ्हे (रोपे) टाकले की रोवणी, निंदण, कापणी आणि मळणी संपेपर्यंत उसंत नाही. मार्चअखेर मोहफुले पडू लागतात, मे महिन्यात तेंदूपाने तोडायची असतात. या कामांच्या मधल्या काळात, दिवाळीनंतर धान जसजसे घरात येते, तसतशी मोकळीक मिळते आणि गावोगावी मंडई (जत्रा), शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि नाटके सुरू होतात. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट थांबले, डिसेंबर 2021मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. पट बंद असतानाही नाटके होत राहिली, कारण गावाला एकत्र यायला निमित्त हवेच होते.

नाटकाच्या दिवशी घराघरांत पाहुणे उतरतात. लेकी-जावई येतात, सोयरिकीची बोलणी निघतात, स्वयंपाकाला दुपारपासूनच जोर चढतो. रात्री उशिरा सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. रात्रभर जागणाऱ्या या माणसांना लेझी म्हणायचे की ॲक्टिव्ह? दोन्ही शब्द अपुरे पडतात. सोशल हा शब्द जवळचा वाटतो, पण त्यात मिसळणे हा स्वभाव ठरतो. इथे ते नात्याचे कर्तव्य आहे. अबोल माणूसही पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाही.

हौशी आणि व्यावसायिक ही जोडीही इथे नीट बसत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा येथे नाट्यमंडळांची कार्यालये आहेत, ठरलेल्या रकमेवर प्रयोग होतात, तिकिटे विकली जातात. तरीही अनेक कलावंत उरलेले वर्ष शेती किंवा दुसरे काम करतात. या झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023मध्ये पद्मश्री मिळाली.

ज्यांच्याकडे सिंचनाचे पाणी आहे, ते आता उन्हाळी धानही घेतात. त्याची रोवणी जानेवारी-फेब्रुवारीत, नाटकांच्या ऐन हंगामात येते. त्यामुळे एकाच गावात काहींची फुरसत कायम राहते आणि काहींना पहाटे नाटक संपले की थेट धानाच्या बांधीत उतरावे लागते.