खाल्लें मीठ आणि वसतिगृह

मनुष्य जन्मास येतो तो तीन ऋणें घेऊनच येतो, असें आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं सांगितलें आहे. देवऋण यज्ञानें, पितृऋण संततीनें आणि ऋषिऋण अध्ययनानें फिटतें. या यादींत अन्नाचें ऋण निराळें मांडलेलें नाहीं, आणि विद्यार्थ्याच्या बाबतींत तर तें मांडण्याचें कारणच नव्हतें. ब्रह्मचाऱ्यानें भिक्षा मागावी व गृहस्थानें ती घालावी हा दोघांचाही धर्म. तेव्हां घालणाऱ्यानें उपकार केला आणि घेणाऱ्यानें तो शिरावर घेतला, असा हिशेब तेथें उत्पन्नच होत नसे. लौकिक व्यवहारांत मात्र शास्त्रापेक्षां एका साध्या बोलाचा अंमल अधिक चालतो : ज्याचें मीठ खावें त्याच्या मिठाला जागावें. शिलेदाराला हें सांगणें ठीक आहे, कारण तो मीठ खातो तें तलवार चालविण्याच्या बोलीवरच खातो. परंतु सतरा-अठरा वर्षांचा मुलगा घर सोडून परगांवीं शिकावयास येतो, कोणाच्या तरी औदार्यानें उभ्या राहिलेल्या वसतिगृहांत उतरतो आणि तेथील पंगतीला बसतो. त्यानें त्या मिठाला कोठपर्यंत जागावें? आणि अन्न देणाऱ्यानें त्या अन्नाच्या बदल्यांत त्याच्यापासून काय काय मागावें? हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाहीं, आणि ज्यांच्या घरचीं मुलें आज वसतिगृहांत आहेत किंवा उद्यां जाणार आहेत त्यांनीं तरी तो एकदां स्वतःशीं विचारून पाहण्यासारखा आहे.

वसतिगृहें निघण्यापूर्वीं पुण्यासारख्या शहरांत गरीब विद्यार्थ्याची सोय म्हणजे माधुकरी किंवा वार. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, असे सात वार जुळले म्हणजे आठवडा निभावला. एखादा वार रिकामा राहिला तर तो दिवस उपासाचा, नाहींतर चुरमुऱ्यांचा. या पद्धतीचे गोडवे गाणारे वृद्ध गृहस्थ आम्हीं लहानपणीं पाहिले आहेत. कोणत्या घरच्या माउलीनें आजारपणांत पेज करून घातली, कोणत्या घरीं सणावाराला आठवणीनें पान मांडलें जाई, हें सांगतांना त्यांचा कंठ दाटून येत असे आणि त्यांत खोटें कांहीं नव्हतें. पण तेच गृहस्थ जरा मोकळेपणानें बोलूं लागले म्हणजे दुसरीही बाजू बाहेर येई. अमक्या घरीं जेवण्यापूर्वीं दोन घागरी पाणी भरावें लागे. तमक्या घरीं यजमानांच्या मठ्ठ चिरंजीवांस श्लोक पाठ करून द्यावे लागत. तूप घरच्यांच्या पानांपर्यंत येऊन संपे. एकूण काय, वाराच्या मिठाला चेहरा होता. प्रेमाचा असला तरी चेहरा, आणि तिरस्काराचा असला तरीही चेहराच.

तथापि या पद्धतीचा मुख्य दोष निराळाच होता, आणि वाराच्या आठवणी सांगणारांच्या तो बहुधा ध्यानींही येत नसे. वार सर्वांस मिळत नव्हते. ज्या मुलास ओसरीवरही चढूं देत नसत, त्याला पानावर कोण बसविणार? पाणी भरून मिंधें होण्याची सोयसुद्धां त्याला नव्हती, कारण त्याच्या हातचें पाणी चालत नव्हतें. म्हणून महाराष्ट्रांत वसतिगृह ही वस्तु एका वर्गाला सोयीची वाटली असेल. दुसऱ्या पुष्कळांना तें शाळेचें एकुलतें एक दार होतें.

हें दार कोणत्या आकाराचें असावें याचा अनुभव कोल्हापूरनें घेतला. १८९६ सालीं राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांकरितां सर्व जातींस मोकळें असें वसतिगृह तेथें निघालें होतें; पण दारावर ‘सर्वांस मोकळें’ असें लिहिल्यानें आंतली पंगत मोकळी होत नाहीं, आणि थोड्याच काळांत तें एकट्या ब्राह्मण विद्यार्थ्यांचें होऊन बसलें. मग शाहू छत्रपतींनीं उलट वाट धरली. १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांचें व्हिक्टोरिया बोर्डिंग निघालें, त्याच सुमारास जैनांचें निघालें, १९०६ सालीं मुसलमान विद्यार्थ्यांचें आणि १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग. पुढें या यादींत आणखी अनेक भर पडली. ज्याला जात मोडावयाची आहे त्यानें जातवार चुली घालाव्यात हें विपरीत आहे, असा आक्षेप तेव्हांही घेण्यांत आला आणि आजही घेण्यांत येतो. आमच्या मतें हा आक्षेप पोट भरलेल्यांचा आहे. चुलते-मालते सुधारतील, त्यांची पंगत मोकळी होईल, मग तुला वाढूं, असें भुकेल्या मुलास सांगतां येत नाहीं. तोंपर्यंत त्याचें शिकण्याचें वय निघून गेलेलें असतें. शाहूराजांनीं काळाचा हा हिशेब ओळखला. पण एका जातीच्या पैशानें, त्याच जातीच्या मुलांसाठीं चाललेल्या घरांत, मीठ हें त्या जातीचें होतें, आणि त्या मिठाला जागणें म्हणजे काय याचा अर्थही ती जातच लावणार होती. किंमत होती ती ही.

ती किती होती हें त्याच १९०८ सालीं दिसलें. कर्मवीर भाऊराव पाटील तेव्हां कोल्हापुरास जैन वसतिगृहांत राहून शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटन-समारंभास ते गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हावें असें त्यांना सांगण्यांत आलें. त्यांनीं तें नाकारलें आणि त्यांना वसतिगृह सोडावें लागलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. एक घागरभर पाण्याची ही गोष्ट. घेतलें असतें डोक्यावरून, तर कोणाचें काय बिघडत होतें?

या ठिकाणीं वसतिगृहाच्या बाजूनें जें बोलतां येईल तें प्रामाणिकपणें बोललें पाहिजे. असलीं घरें वर्गणीवर चालतात. वर्गणीदार बिथरले तर एका मुलाच्या बाणेदारपणापायीं पन्नास मुलांच्या पानांत भाकरी पडावयाची नाहीं. अधीक्षकाला या पन्नासांची काळजी असते; तो क्रूर असतोच असें नाहीं. शिवाय एकत्र राहावयाचें म्हणजे नियम आलेच. दिवा केव्हां मालवावा, दार केव्हां लागावें, वाढावयाची पाळी कोणाची, आजाऱ्याजवळ कोणीं बसावें, हें ठरल्यावांचून पन्नास तरुण एका छपराखालीं आठ दिवसही सुखानें नांदणार नाहींत. मग हाही एक नियमच, असें कां म्हणूं नये?

आम्ही पूर्वीं या प्रश्नाला एक सोपें उत्तर देत असूं. जो नियम पुरे पैसे भरणाऱ्या मुलास लागत नाहीं, पण नादारीच्या मुलास लागतो, तो नियम नव्हे, ती अन्नाची वसुली आहे, असें तें उत्तर. तें अजूनही आम्हांस खरें वाटतें. पण तें पुरत नाहीं. स्नानाचा नियम सर्वांस सारखा होता. समानतेनें लादलेली गोष्ट न्यायाचीच असते असें थोडेंच आहे? मग दुसरी कसोटी लावून पाहावी : नियम मोडल्यानें घरांतल्या कोणास इजा होते काय? दिव्याचा नियम मोडला तर शेजाऱ्याची झोंप जाते. स्नान टाळल्यानें शेजाऱ्याचें मन विटतें हें खरें, आणि विटलेलें मन हेंही दुःखच आहे. परंतु त्या विटण्याचा विषय भाऊराव नव्हते. ज्यांच्या समारंभाला ते जाऊन आले तीं मुलें होतीं. तीं गांवाच्या दुसऱ्या टोकाला नव्या घरांत प्रथमच निश्चिंतपणें जेवत असतील, आणि इकडे एका विद्यार्थ्यानें अंगावर पाणी ओतून साक्ष द्यावयाची, कीं तीं मुलें विटाळाचीं आहेत. मुलानें घराचा दिवा मालवावा, झाडू मारावा, चार गोष्टी मनाविरुद्ध सोसाव्या. पण बाहेरच्या तिसऱ्याच माणसाच्या अपमानावर त्यानें आपल्या देहानें सही करावी, हें मागण्याचा हक्क कोणत्याही मिठांत विरघळलेला नसतो.

वसतिगृहांतून काढणें ही शिक्षा आपल्या इतिहासांत आणखी एका प्रसंगीं गाजली. १९०५ सालीं पुण्यांत परदेशी कापडाची होळी झाल्यावर विनायक दामोदर सावरकर यांस फर्ग्युसन कॉलेजनें १० रुपये दंड करून वसतिगृहांतून काढलें. तेथेंही प्राचार्यांस संस्थेची काळजी होतीच. त्याच्या राजकारणांत आम्ही येथें शिरत नाहीं. दंड पैशांत घ्यावा आणि शिवाय छप्परही काढून घ्यावें, यांत विद्यार्थ्याचें सर्वांत हळवें अंग कोणतें हें शिक्षा देणारास नेमकें ठाऊक असतें, एवढेंच आम्हांस सुचवावयाचें आहे.

ज्याचें छप्पर गेलें त्यानें पुढें काय केलें हें सर्वश्रुत आहे. १९१९ सालीं भाऊरावांनीं काले या गांवीं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह सुरूं केलें. त्यांत नाना जातींचीं व धर्मांचीं मुलें एका पंगतीला बसत. ज्या राजाच्या नगरींत त्यांना घर सोडावें लागलें होतें त्याच राजाचें नांव या घराला मिळालें. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्याचें ‘छत्रपति शाहू बोर्डिंग हाउस’ असें नामकरण झालें. येथें मुलांनीं स्वतः राबावें, स्वतः भाजावें, असा शिरस्ता होता. जो आपल्या भाकरीसाठीं घाम गाळतो त्याला मिठाची भीति उरत नाहीं. मिंधेपणावर भाऊरावांनीं काढलेला हा तोडगा आम्हांस फार मोलाचा वाटतो. पण त्यानेंही हिशेब पुरा मिटत नाहीं. मुलांचे श्रम अपुरे पडले तेव्हां लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने दिले, आणि शेवटीं मंगळसूत्रही दिलें. तें ऋण कोणत्या मुलानें कसें फेडावें? बाईंनीं तें कधीं मागितलें नाहीं. आणि मागितलें नाहीं म्हणूनच, आम्हांस वाटतें, त्या मुलांच्या तोंडून तें पुढें आयुष्यभर पुनःपुन्हा ऐकूं आलें.

आज मिठाचा चेहरा पुष्कळसा पुसला गेला आहे. सरकारी वसतिगृहांत जागा न मिळालेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांस महाराष्ट्रांत स्वाधार योजनेचे पैसे थेट त्यांच्या बँकेच्या खात्यांत मिळतात. खात्यांत आलेल्या रकमेपुढें कोणास मान लववावी लागत नाहीं, आणि हा लाभ लहान नव्हे, मग ती रक्कम वेळेवर येवो कीं न येवो. पंगतीचा प्रश्न मात्र पैशानें सुटलेला नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१२ सालीं जे समतेचे नियम केले, त्यांत वसतिगृहांत आणि भोजनगृहांत जातीवरून वेगळें बसविण्यास मनाई करावी लागली; ज्या गोष्टी घडत नाहींत त्यांना कोणी मनाई करीत नाहीं. २०२३ सालीं मुंबईच्या एका नामांकित तंत्रशिक्षण संस्थेंत शाकाहारी विद्यार्थ्यांसाठीं कांहीं टेबलें निराळीं राखलीं गेलीं, आणि निषेध म्हणून त्या टेबलावर मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्यास १०,००० रुपये दंड झाला. दंडाचा आंकडा वाढला; प्रकार वाचकांस ओळखीचा वाटेल.

आम्हीं हें सर्व लिहितों आहों तें मोठ्या अधिकारानें नव्हे. आम्ही विद्यार्थिदशेंत ज्या वसतिगृहांत होतों तेथें आठ-दहा मुलें नादारीवर राहात. वर्षांतून एकदां एक देणगीदार गृहस्थ येत, आणि त्या दिवशीं या मुलांस ओळीनें उभें करून एकेकाचें गांव, परिस्थिति, बापाचा धंदा, हें मोठ्यानें वाचून दाखवीत. आम्ही पैसे भरणारे वरच्या सज्ज्यांत उभे राहून पाहात असूं. आमच्याच खोलींतील एक मुलगा त्या ओळींत उभा राहावयास गेला नाहीं. मी आभाराचें पत्र मनापासून लिहीन, पण पाहण्यासाठीं उभा राहणार नाहीं, असें त्यानें शांतपणें सांगितलें. अधीक्षकांनीं त्याला मिठाचीच आठवण दिली. तेही बिचारे पन्नास पानांच्या काळजींतले गृहस्थ. नादारी बंद झाली. पैसे भरणें त्याला शक्य नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याची लोखंडी पेटी मोटारस्टँडवर नेण्यास आम्ही दोघेतिघे गेलों, आणि आपण कांहीं धैर्याचें काम करीत आहों असें त्या वेळीं आम्हांस वाटलें. आदल्या रात्रीं अधीक्षकांच्या खोलींत जाऊन एक शब्दही बोलावा हें आमच्यापैकीं कोणास सुचलें नव्हतें. आम्हांस तेथें कशाची भीति होती? आमचे पैसे महिन्याच्या महिन्यास भरलेले होते.

गाडी हलण्यापूर्वीं त्यानें खिशांतून एक बंद पाकीट काढून आमच्या हातीं दिलें आणि पेटींत टाकण्यास सांगितलें. तें त्या देणगीदार गृहस्थांस लिहिलेलें आभाराचें पत्र होतें. आम्हीं तें परततांना कोपऱ्यावरच्या टपालपेटींत टाकलें. मागल्या बाजूस, पाठविणाऱ्याच्या नांवाखालीं, त्यानें आमच्या खोलीचा क्रमांक घातला होता.