कच्चं मडकं कोणतं?

तेरढोकीला संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना विचारलं, काका, यातली पक्की मडकी कोणती, कच्ची कोणती? काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहायला सुरुवात केली. बाकीचे गप्प बसून राहिले. नामदेव तेवढे उखडले. पाहुण्यांचा हा असला पाहुणचार? निकाल तिथेच लागला : हे मडकं कच्चं. नामदेव रडत पंढरपूरला गेले आणि विठ्ठलाने त्यांना औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे धाडलं, असं परंपरा सांगते. औंढा आज हिंगोली जिल्ह्यात मोडतं. पण १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळी निघेपर्यंत ते परभणीचंच होतं. नामदेवांच्या घरी राबलेली जनाबाई तर गंगाखेडची. म्हणजे ही गोष्ट परभणीकरांच्या घरचीच.

कीर्तनात या कथेचं तात्पर्य ठरलेलं असतं : गुरूविना मडकं पक्कं होत नाही. ते मान्य करूनही एक शंका उरते. पहिल्या दोघातिघांचा निकाल कानावर पडल्यावर पुढच्याला काय करायचं हे कळणारच. गप्प बसायचं. संतांवर संशय घेण्याचं कारण नाही, पण चाचणी म्हणून पाहिलं तर तिची खोट इथेच आहे. ती पक्केपणा मोजते की गप्प बसण्याची हुशारी? आणि ज्याने थेट हरकत घेतली, तोच पुढे सगळ्यांत लांब, पार पंजाबात घुमानपर्यंत पोचला. त्याची पदं गुरू ग्रंथ साहिबात गेली.

माणसाचं मन वळलं आहे की नाही, हे बाहेरून ठोकून कळतं का? हा प्रश्न एके काळी साधूंचा आणि मौलवींचा होता. गेल्या पंचवीसेक वर्षांत तो गृहखात्यांचा झाला आहे. दहशतवादाकडे वळलेल्या किंवा वळू पाहणाऱ्या तरुणांना समुपदेशनाने परत आणायचे कार्यक्रम सौदी अरेबियापासून सिंगापूरपर्यंत सुरू झाले. २०१६च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांनी हिंसक अतिरेकाच्या प्रतिबंधाचा कृतिआराखडा मांडला आणि देशोदेशींनी आपापले आराखडे करून अनुभवांची देवाणघेवाण करावी असं सुचवलं. अनुभव वाटून घ्यायचे तर आधी तपासायला हवेत. इथे मात्र सगळ्यांची पंचाईत होते, कारण या कार्यक्रमांचं यश म्हणजे एक न घडलेली गोष्ट. न फुटलेला बॉम्ब मोजायचा कसा?

या प्रश्नाची लाजिरवाणी बाजू २००६मध्ये उघड झाली. संशोधक सिंथिया लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहशतवादविरोधी उपायांवरचं तोवरचं संशोधन चाळलं. २०,०००हून जास्त लेख-अहवाल निघाले. त्यांतले बऱ्यापैकी काटेकोर मूल्यमापन म्हणावेत असे अवघे ७. त्या सातांतून हाती आलेली माहितीही डोळ्यांत अंजन घालणारी होती. विमानतळांवर धातुशोधक बसल्यावर अपहरणं घटली, पण दुसऱ्या प्रकारचे हल्ले वाढल्याचं दिसलं. अमेरिकेने १९८६मध्ये लिबियावर केलेल्या बॉम्बफेकीनंतर दहशतवाद काही काळ उलट वाढला. इतका पैसा, इतकी माणसं आणि पुरावा मूठभर.

सौदीचा कार्यक्रम सर्वांत गाजला. कैद्यांशी आलिमांनी धर्मचर्चा करायची, घरच्यांना सोबत घ्यायचं, सुटल्यावर नोकरी आणि लग्नालाही मदत. एकही माणूस पुन्हा वाकड्या वाटेला गेला नाही, असा दावा कित्येक दिवस चालला. फेब्रुवारी २००९मध्ये सौदी सरकारनेच ८५ फरार संशयितांची यादी काढली, तर त्यात ग्वांतानामोहून परतून याच कार्यक्रमातून गेलेले ११ जण होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका तरुणाने पश्चात्ताप झाल्याचं सांगून कार्यक्रमाचे प्रमुख असलेल्या राजपुत्राची भेट मागितली आणि त्यांच्या शेजारी स्वतःला उडवून घेतलं. राजपुत्र बचावले. ज्या तौबेवर सारी इमारत उभी होती, तीच तौबा हत्यार म्हणून वापरली गेली.

लंडनची गोष्ट आणखी बोचरी आहे. उस्मान खान २०१२मध्ये दहशतवादी कटाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला. तुरुंगात त्याने मनपरिवर्तनाचा अभ्यासक्रम केला, डिसेंबर २०१८मध्ये अटींवर सुटल्यावरही असाच दुसरा कार्यक्रम चालू होता. कैद्यांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या एका उपक्रमाने त्याला आदर्श विद्यार्थी म्हणून पुढे आणलं होतं. २९ नोव्हेंबर २०१९ रोजी फिशमाँगर्स हॉलमध्ये त्याच उपक्रमाच्या पाचव्या वर्धापनदिनाला तो गेला आणि त्याने दोघा तरुण कार्यकर्त्यांचा जीव घेतला. त्याच्या गुणी प्रतिमेने यंत्रणांचे डोळे दिपवले, असा ठपका २०२१मध्ये चौकशीतल्या ज्यूरीने ठेवला. थापटणं डोक्यावर पडत होतं, माणूस गप्प होता, सगळे म्हणाले पक्का.

डेन्मार्कमधलं ऑरहूस शहर उलटं उदाहरण म्हणून सांगतात. २०१३पर्यंत तिथून सुमारे ३० जण सीरियाला गेले होते. २०१४मध्ये जेमतेम एक-दोन. पोलिसांनी परतलेल्यांना शिक्षण, घर, काम मिळवून देण्यावर भर दिला आणि ज्या मशिदीवर संशय होता तिच्याशी बोलणं तोडलं नाही. तिथे धर्ममत बदलायला कोणी सांगत नव्हतं. हिंसा सोड एवढंच म्हणणं होतं. आकडा घटला तो याचमुळे की आयसिसचं खरं रूप दिसल्यामुळे, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. तरी फरक महत्त्वाचा आहे. तिथे राज्यसंस्थेने गुरू व्हायचं नाकारलं.

महाराष्ट्रात हा विषय २०१४ साली दारात आला, कल्याणचे चार तरुण इराकला गेले तेव्हा. डिसेंबर २०१५मध्ये पुण्यातली एक १६ वर्षांची विद्यार्थिनी इंटरनेटवरून आयसिसकडे ओढली गेल्याचं राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने सांगितलं. तिच्यावर गुन्हा न लावता समुपदेशन झालं. धोरण म्हणून हे शहाणपणाचंच होतं. पुढे राज्य सरकारने अल्पसंख्याकबहुल शाळांत स्काउट-गाइड, एनसीसी, खेळ, कौशल्यशिक्षण असा आराखडा आणला. पुण्याच्या त्या मुलीला मात्र राष्ट्रीय तपास यंत्रणेने २०२० साली दुसऱ्या एका प्रकरणात अटक केली. मग समुपदेशन फसलं का? एका माणसावरून ठरवायचं तर फसलं. पण याच वाटेवरून घरी परतलेल्यांची बातमी होत नाही, त्यामुळे हिशेबाच्या एकाच रकान्यात आकडे भरत राहतात.

आता परभणी. हा जिल्हा या विषयात तिन्ही बाजूंनी पोळलेला आहे, आणि म्हणून कोणत्याही आंतरराष्ट्रीय आराखड्याची कसोटी इथे लावून बघावी.

२१ नोव्हेंबर २००३, रमजानचा शेवटचा शुक्रवार. परभणीतल्या मोहम्मदिया मशिदीत बॉम्बस्फोट झाला, नमाजाला आलेले अनेक जण जखमी झाले. २७ ऑगस्ट २००४ला, पुन्हा शुक्रवारीच, पूर्णा आणि जालना इथल्या मशिदींत स्फोट झाले. ६ एप्रिल २००६ला शेजारच्या नांदेडमध्ये एका घरात स्फोट होऊन दोन हिंदू तरुण मेले. बॉम्ब तयार करताना तो फुटला, असं तपासयंत्रणेचं म्हणणं होतं आणि परभणीच्या स्फोटाचे धागेही तिने तिथेच जोडले. नांदेडच्या खटल्यातले हयात असलेले सगळे आरोपी जानेवारी २०२५मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सुटले. म्हणजे शिक्षाही नाही आणि काय घडलं याची नक्की कहाणीही नाही. त्या काळात हिंदू तरुणांच्या मनपरिवर्तनाचा आराखडा कोणी काढल्याचं ऐकिवात नाही. कोणाला भाजून काढायचं, हे ठरवतानाच मडक्यांची निवड झालेली असते.

२०१६च्या जुलै-ऑगस्टमध्ये परभणीचंच नाव पुन्हा देशभर झालं. आयसिसशी संधान बांधून स्फोटकं जमवल्याच्या आरोपावरून दहशतवादविरोधी पथकाने चार तरुणांना पकडलं; प्रकरण राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेलं. २०२२मध्ये त्यांपैकी दोघांनी मुंबईच्या विशेष न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्यांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तिसऱ्याला पाच वर्षं कच्च्या कैदेत काढल्यावर, खटला संपायची चिन्हं नसल्याने, ऑगस्ट २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला होता. मुलं सरळ-साधी होती हा गल्लीतला सूर आणि मोठा कट उधळला हा सरकारी सूर, दोन्ही तेव्हा एकदमच ऐकू येत होते. कबुलीने पहिला सूर खाली आणला, हे मान्य करायला हवं.

पण परभणीचं मन समजून घ्यायचं तर २०१६च्या आधी, २००२च्या डिसेंबरमध्ये जावं लागतं. घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला आणि त्या प्रकरणी परभणीचा ख्वाजा युनूस हा दुबईत नोकरी करणारा सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर ‘पोटा’ कायद्याखाली पकडला गेला. जानेवारी २००३मध्ये, औरंगाबादला नेत असताना गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला, असं पोलिसांनी सांगितलं. कोठडीत त्याला बेदम मारहाण झाल्याचं सहआरोपीने न्यायालयात सांगितलं. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाने चौकशीअंती त्याच्या मृत्यूबद्दल चार पोलिसांवर आरोपपत्र ठेवलं. घाटकोपर खटल्यातले आरोपी २००५मध्ये निर्दोष ठरले. ख्वाजा युनूसची आई वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत राहिली. भरपाई देण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला, पण दोन दशकं उलटली तरी पोलिसांवरचा खटला रेंगाळलेलाच.

प्रतिबंधाच्या कोणत्याही ताळेबंदात ही नोंद कुठे बसते? बहुतेक अहवालांत ती बसतच नाही. त्यांत सत्रं किती झाली, किती तरुण हजर होते, किती पत्रकं वाटली हे असतं.

इस्लामी परंपरेत तौबेच्या अटी सांगतात त्या इथे फार उपयोगी पडतात. केल्याचा पस्तावा हवा. ते कृत्य सोडलेलं हवं. पुन्हा न करण्याचा निश्चय हवा. आणि माणसाचा हक्क मारला असेल तर तो त्याला परत द्यायला हवा. पस्तावा आणि निश्चय आतले. ते अल्लाह जाणे. सोडणं आणि परत देणं एवढंच बाहेरच्याला दिसतं. सरकारी समुपदेशक नेमका उलटा हट्ट धरतो. त्याला पस्तावा आणि निश्चय मोजायचा असतो, त्यासाठी तो प्रश्नावल्या भरून घेतो, आणि हुशार माणूस त्याला हवी ती उत्तरं देतो. हीच फूटपट्टी राज्यसंस्थेलाही लावून बघावी. ख्वाजा युनूसच्या बाबतीत पस्तावा जाऊ द्या, कोठडीतली मारहाण सुटली का, आणि मारलेला हक्क परत मिळाला का?

मराठवाड्यातल्या बौद्ध वस्त्यांत अंगुलिमालाची गोष्ट लहान मुलांनाही ठाऊक असते. तिचा एक भाग कमी सांगितला जातो. कोसलचा राजा प्रसेनजित पाचशे स्वारांसह त्या दरोडेखोराला पकडायला निघालेला असतो, वाटेत बुद्धांना भेटतो आणि अंगुलिमाल तिथेच चीवर घालून बसलेला दिसतो. राजा घाबरतो, मग वंदन करून निघून जातो. बुद्धांच्या शब्दावर राजदंड मागे फिरतो. लोक मात्र फिरत नाहीत. भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालाचं डोकं ते ढेकळांनी फोडतात. शिक्षा भोगून सुटलेल्या तरुणाला खोली भाड्याने कोण देणार, कामावर कोण ठेवणार, हा परभणीतला आजचा प्रश्न त्याच जातीचा आहे. प्रसेनजिताकडे मात्र बुद्धांचा शब्द होता. आजच्या पोलीस अधीक्षकाकडे तो नाही, त्यामुळे त्याने स्वारांना परत पाठवावं अशी अपेक्षा धरणं भाबडेपणाचं होईल. त्याने वर्तनावर नजर ठेवावी. श्रद्धेवर ठेवू नये.

मोजता येत नाही म्हणून हात झटकण्याचंही कारण नाही. एक घरचं उदाहरण आहेच. १९८४च्या भीषण दंगलीनंतर भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८मध्ये मोहल्ला कमिट्या बसवल्या. गल्लीतले हिंदू-मुसलमान आणि पोलीस महिन्यामहिन्याला एकत्र बसत, क्षुल्लक तक्रारीही तिथेच निघत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. मुंबई जळाली, मग भिवंडी का नाही, हा प्रश्न घेऊन खोपड्यांनी पुस्तक लिहिलं. न घडलेली गोष्ट मोजायची युक्ती ती हीच : शेजारी घडलेली गोष्ट समोर ठेवायची. जुलै २००६मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या जागेवरून भडका उडाला आणि दोन पोलिसांचे जीव गेले, तेव्हा दुसरी बाजूही कळली. अधिकारी बदलला, बैठका सुकल्या की पुण्याई फार दिवस पुरत नाही. या कमिट्यांत कोणी कोणाच्या डोक्यावर थापटणं मारत नव्हतं. उलट तक्रार करणारा माणूस तिथे सर्वांत उपयोगी समजला जाई, कारण त्याच्यामुळे पुढचं कळे.

परभणीतही असं काही चालू असतंच, त्याला कार्यक्रम म्हणत नाहीत एवढंच. दर फेब्रुवारीला सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसात हिंदू-मुसलमान दोघंही दर्ग्यावर जातात, दुकानं दोघांचीही लागतात. हे दहशतवाद रोखतं असा दावा करण्याइतका पुरावा कोणाकडे नाही. पण २००३च्या स्फोटानंतर आणि २०१६च्या अटकांनंतरही हा उरूस भरत राहिला, एवढी नोंद मूल्यमापन करणाऱ्याने करायला हरकत नाही.

असं मूल्यमापन परभणीत कधी झालंच, तर ते कार्यक्रम चालवणाऱ्या खात्याने स्वतःच करू नये. लंडनमध्ये ठपका ठेवणारी माणसं सामान्य नागरिक होती, आणि सुनावणी उघड झाली होती. इथल्या समितीत निवृत्त न्यायाधीश, मौलवी, भन्ते, कीर्तनकार, महाविद्यालयातले शिक्षक हवेत. मशिदीत जखमी झालेल्यांपैकी कोणी हवं. आणि वर्षानुवर्षं कच्च्या कैदेत राहून निर्दोष सुटलेला एक जण तरी हवाच, जो पहिल्या बैठकीतच उठून विचारेल की आम्हाला इथे बोलावून ठोकून कशाला पाहता.