गाव 'इज' की गाव 'आर'?

इंग्रजी व्याकरणात समूहवाचक नाम नावाचा एक लबाड प्राणी आहे. कमिटी, टीम, फॅमिली, ज्यूरी! दिसायला एकवचनी, पोटात माणसं पाच-पन्नास. त्याला 'इज' लावायचं की 'आर'? अमेरिकन माणूस बहुधा 'इज' लावून मोकळा होतो. इंग्लंडचा साहेब मात्र आधी चौकशी करतो, की बुवा, कमिटी एका सुरात बोलली की आपसांत भांडली? सूर एक असेल तर 'इज', भांडण असेल तर 'आर'. क्रियापद लावण्यापूर्वी एवढी विचारपूस आपल्याकडे लग्न ठरवतानाही होत नाही.

आपला खाक्या उलटाच. जुन्या पिढीतला गृहस्थ 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय' म्हणायचा, तेव्हा गेलेली असायची एकटी बायको. 'मंडळी' म्हणजेही तीच. सासू-सासऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांचं ती एकटी करायची, तेव्हा नाम समूहवाचक हे रास्तच म्हणा. पण 'कुटुंबानं ठरवलं' असं म्हटलं, की त्यात नेमकं या कुटुंबालाच कुणी विचारलेलं नसायचं.

हे हसण्यावारी नेता येतं. मुळशीच्या तलावाकाठी भजी खाताना मात्र नेता येत नाही. टाटांच्या वीज कंपनीच्या इथल्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पां. म. बापटांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते इथूनच. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. लढा १९२४ पर्यंत चालला, आणि धरण झालंच.

आता 'गावाला मोबदला मिळाला' हे वाक्य व्याकरणात कसं चोख बसतं! पण पुष्कळशी जमीन सावकारांकडे गेलेली, आणि कसणारे मावळे नुसती कुळं. मावळ्याला जमीन हवी होती, सावकाराला जमिनीचा भाव. सावकार राजी झाले. मग गाव राजी झालं म्हणायचं का? सरकार मात्र त्या काळच्या कागदांत 'गव्हर्नमेंट आर प्लीज्ड' असं ऐटीत अनेकवचनात खूष व्हायचं! आणि गंमत म्हणजे, 'मुळशीनं लढा दिला' असं आपण छाती फुगवून म्हणतो, तेव्हा ते सावकारही त्याच एकवचनात गुपचूप शिरून बसतात.

मध्यंतरी पौडला चहाच्या टपरीवर एक दलाल भेटला. 'बिनधास्त घ्या साहेब जमीन. अख्खं कुटुंब तयार आहे.'

'कुटुंब म्हणजे कोण कोण?'

'सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत. सह्या दोघांच्या झाल्यात.'

'आणि बाकीचे एकवीस?'

'त्यांचं काय एवढं? ते घरचेच!'