मूठभरांची सत्ता आणि चरीची ओस खाचरे

समाज कोणताही असो, त्यात थोड्यांनी शासन करावे आणि बहुतांनी ते सोसावे, हा मोस्का व पारेतो या इटालियन पंडितांचा सिद्धान्त रेवसपासून धरमतरपर्यंतच्या खाडीकाठी ज्याच्या पिढ्या गेल्या त्याला अपूर्व वाटणार नाही. खोत, सावकार आणि कूळ ही त्रयी त्याच्या आजोबांनी प्रत्यक्ष भोगलेली असते. खाऱ्या पाण्यापासून शेत राखणाऱ्या बांधाची निगा ठेवतो म्हणून शिलोत्रीदाराने बिघ्यामागे भाताचा ठरावीक हक्क घ्यावा, ही कुलाब्यातली जुनी वहिवाट मोस्काच्या मर्माचीच साक्ष देते. सत्ताधाऱ्यास नुसते बळ पुरत नाही, समर्थनही लागते. आणि बांधाची सबब संपली तिथे आपल्याकडे प्रारब्ध उभे राहिले, कुळाचे दारिद्र्य हे त्याच्या पूर्वकर्माचे फळ ठरले, ज्या कर्मसिद्धान्ताने माणसास आपल्या कृतीचे उत्तरदायित्व शिकवावे त्याचीच खोताच्या वाड्यात अशी विटंबना झाली.

१९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला आणि ऐन पावसात ओस पडलेली खाचरे डोळ्यांनी पाहत, मोलमजुरीवर व लाकूडफाट्यावर गुजराण करीत, तो १९३९ पर्यंत पाळला. दफ्तर खोताचे होते, कबुलायती खोताच्या होत्या, कचेरीचा रस्ताही त्यालाच सवयीचा. नांगर मात्र त्याचा नव्हता.

याच परंपरेतला समाजशास्त्रज्ञ मिकेल्स येथे हसेल. समतेसाठी उभारलेली संघटनाही अखेर मूठभरांच्या हाती जाते, असे त्याने १९११ मध्येच जर्मन समाजवादी पक्षाकडे पाहून लिहून ठेवले होते, आणि या मुलखात वाढलेल्या शेतकरी कामगार पक्षाचे नेतृत्वही पुढे घराण्यांतच स्थिरावले (कोणत्या, ते रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहणारा कोणीही सांगेल). तथापि अभिजनांचे चक्र फिरताना मागे काय उरते, याचा हिशेब या पंडितांनी पुरता मांडलेला मला दिसत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, १९३९ च्या कायद्याने कुळास संरक्षण दिले, १९४९ च्या कायद्याने खोती गेली. आणि दप्तरात एकदा कुळाचा हक्क नोंदला गेल्यावर तो नव्या पुढाऱ्याच्या मर्जीचा राहिला नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही, हे विचारण्यास पेण तालुक्यातील २२ गावांत सरकारी अंमलदारच गेले, ते थेट खातेदारापर्यंत. असा प्रश्न कुळास विचारावा, हे खोतीच्या काळात कोणा मामलेदाराच्या स्वप्नातही आले नसते.