आठवीचा फॉर्म

यंदा जूनमध्ये आमच्या घरी एक सभा भरली. सभेपुढे विषय एकच होता : आमच्या नातीने आठवीत तिसरी भाषा कोणती घ्यावी. शाळेतून एक छापील कागद आला होता. त्यावर तीन चौकटी. संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत, आणि निम्मे हे निम्मे ते असे संयुक्त. एका चौकटीत खूण करायची आणि खाली पालकाने सही करायची. काम पाच मिनिटांचे. पण घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला त्या कागदात आपले स्वतःचे राहून गेलेले काहीतरी दिसू लागले, आणि ते काम पाच दिवस पुरले.

चिरंजिवांचा कौल संस्कृतला. कारण? मार्क पडतात. कालिदासाचे नाव सभेत कोणी काढले नाही हे येथे नमूद केले पाहिजे. सूनबाई संयुक्ताच्या बाजूच्या. दोन्ही दरडींवर पाय असलेला बरा, असे त्यांचे म्हणणे. शेवटी ज्या मुलीसाठी हे चालले होते तिला विचारले. ती म्हणाली, "हिंदी. माझी मैत्रीण हिंदीच्या तुकडीत जाणार आहे." सगळे मोठ्याने हसले. मीही हसलो.

रात्री मात्र ते हसणे मला टोचू लागले. मैत्रिणीसाठी भाषा घेणे पोरकटपणाचे, हे मान्य. तेराव्या वर्षीच्या मैत्र्या पावसाळ्यातल्या ओढ्यासारख्या असतात, हेही मान्य. पण निदान ती एका जिवंत माणसासाठी काही निवडत होती. आम्ही जे मार्क निवडत होतो त्यांचे आयुष्य किती? अकरावीचा प्रवेश झाला की त्या आकड्यांकडे पुन्हा कोणी ढुंकून पाहत नाही. ज्या विषयाशी तीन वर्षे रोज तोंड द्यायचे, त्याची निवड त्या विषयाकडे न बघताच करायची, यात शहाणपण नेमके कोणाचे?

तुम्ही म्हणाल, मग मुलांनाच निवडू द्यावे. इतके सोपे असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. तेरा वर्षांची मुलगी खूण करते ती पन्नास वर्षांच्या एका बाईच्या वतीने, आणि त्या बाईला तिने अजून पाहिलेले नाही. आईबापांनीही पाहिलेले नाही. मग दोघांपैकी अधिकार कोणाचा? मुलीचा म्हणावा, तर तिला रस्त्यांची माहिती नाही. आईबापांचा म्हणावा, तर चालायचे त्यांना नाही. आमच्या लहानपणी शिंपी गणवेश शिवताना शिवणीच्या आत कापड जास्त ठेवी. त्याला माया ठेवणे म्हणत. पोर वाढले की दोरा उसवायचा, माया सोडायची, आणि तीच चड्डी आणखी एक वर्ष चालवायची. पोर किती वाढेल हे शिंप्याला ठाऊक नसे. वाढेल एवढे ठाऊक असे. विषय निवडताना मोठ्यांनी एवढे जरी पाहिले तरी पुष्कळ झाले, असे मला वाटते. पण हे वाटणे फार उशिरा आलेले आहे, आणि ते कसे आले तेही सांगितले पाहिजे.

1968 सालची गोष्ट. तेव्हा अकरावीची एस. एस. सी. होती. आमचे गाव कृष्णाकाठचे, वडील अंथरुणाला खिळलेले, आणि मी नुकता कारकुनीला लागलेलो. धाकट्या बहिणीचा हायस्कूलच्या विषयांचा फॉर्म माझ्या पुढ्यात आला. बीजगणित-भूमिती घेता येत असे. ती सोडून नुसते अंकगणित आणि जोडीला गृहशास्त्रही घेता येत असे. मुली बहुतेक दुसरे घेत. मी तिला न विचारता दुसरे लिहिले. घरी आईला हाताखाली कोणीतरी हवे होते, शिकवणीला पैसे नव्हते, आणि भूमितीच्या वर्गात मुली दोन-तीनच असणार. ही तीनही कारणे खरी होती. मी ती आजवर अनेकांना सांगितली आहेत, आणि ऐकणारांनी मान डोलावली आहे.

चौथे कारण मी कोणाला सांगितलेले नाही. त्याआधीच्या उन्हाळ्यात माझी जुनी भूमितीची वही तिच्या हाती लागली होती. मला मॅट्रिकला न सुटलेला एक रायडर तिने अंगणात बसून, फरशीवर खडूने वर्तुळ काढून, सोडवला. तिला कोणी शिकवले नव्हते. वर माझ्याकडे बघून ती म्हणाली, "दादा, हे तर सोपं होतं!" मी कौतुक केले. पण फॉर्म भरताना ते वर्तुळ माझ्या डोळ्यांपुढे नव्हते असे मला शपथेवर सांगता येणार नाही.

पुढे तिचे सगळे चांगले झाले. घर चांगले मिळाले, मुले मार्गी लागली, ती हसतमुख आहे. मनाची समजूत घालायला हे पुरेसे आहे. माणूस सुखी आहे ना, मग त्याच्यावर अन्याय झाला कोठे? बरीच वर्षे मी या हिशेबावर झोपत असे.

हा हिशेब चुकीचा आहे हे मला एका मोठ्या उदाहरणाने कळले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1907 साली मॅट्रिक झाले. हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत घ्यायचे होते. जातीमुळे ते नाकारले गेले, आणि फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या कष्टाने मिळवले. म्हणून नाकारणारांचा दोष रतिभर तरी कमी झाला काय? कोणी तसे म्हणणार नाही. ज्याचे दार लावले तो भिंत फोडून आत गेला, याचे श्रेय दार लावणाराला कसे मिळेल? माझ्या घरातल्या गोष्टीची मी त्या गोष्टीशी बरोबरी करीत नाही; तेथे एका समाजाचा शतकांचा अपराध होता, येथे एका भावाचा क्षुद्रपणा. पण तर्क दोन्हीकडे तोच लागतो. बहिणीचे सुख ही तिची कमाई आहे. ती माझ्या खात्यावर जमा होत नाही. आणि भूमिती शिकलेली जी बहीण झालीच नाही, ती येऊन माझ्यावर फिर्याद करील ही भीती तर मुळीच नाही. दुसऱ्याच्या वतीने केलेल्या निवडीत हीच मोठी सोय असते : जिचे नुकसान झाले ती व्यक्ती जन्मालाच येत नाही.

दारे रुंद करण्याचे प्रयत्न सरकारी कागदावर पुष्कळ झाले. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली. मानव्यविद्या, शास्त्र, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला, गृहविज्ञान असे सात गट सांगितले. आमच्या गावच्या शाळेत, ज्या विषयाला मास्तर मिळाला तो गट! महाराष्ट्रात दहावीची पहिली परीक्षा 1975 साली झाली आणि वाटा फुटण्याची जागा अकरावीपर्यंत पुढे सरकली. हे मात्र खरोखर चांगले झाले. 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणात तर कला आणि विज्ञान यांमध्ये कडक भिंत नको असे म्हटले आहे. भिंत कागदावरून जाते. घरातल्या सभेतून जायला वेळ लागतो.

सहाव्या दिवशी मी नातीला जवळ घेऊन बसलो. शेजारून हिंदीचे आणि संस्कृतचे अशी आठवीची दोन्ही पुस्तके आणली होती. म्हटले, मैत्रीण राहू दे, मार्कही राहू देत. दुपारभर ही चाळ. तिने चाळली. संध्याकाळी तिने संयुक्ताच्या चौकटीत खूण केली आणि कारण सांगितले नाही. मीही विचारले नाही. कागदावर सहीची जागा एकच होती, पालकाची. मुलीच्या सहीला जागाच नव्हती. चिरंजिवांनी सही केली, मी तिला म्हटले, "खाली कोपऱ्यात तूही कर." तिने केली, जरा वेलांटी मोठी काढून.

त्या रात्री बहिणीला फोन लावला. फॉर्मची हकिगत सांगितली. दुसऱ्या फॉर्मविषयी बोलायचे म्हणून शब्द जुळवीत होतो. तेवढ्यात तिनेच विचारले, "दादा, भूमिती आता सगळ्यांना असते ना रे?"

"हो. दहावीपर्यंत सगळ्यांना."

"बरं झालं," ती म्हणाली. आणि मग वहिनींचे गुडघे कसे आहेत ते विचारू लागली.