भाड्याचा काटा: मुक्तस्रोत प्रवासी ॲप आणि बारामती-इंदापूरचा सहकार

मोबाइलवरून गाडी मिळवून देणारी व्यावसायिक कंपनी सहसा गाडी विकत घेत नाही, चालकाला नोकरीवर ठेवत नाही आणि इंधनाचा, टायरचा किंवा विम्याचा खर्चही उचलत नाही. तिच्या मालकीचे असते ते प्रवासी आणि चालक यांची गाठ घालणारे गणित आणि अशा प्रत्येक गाठीची नोंद. कोणत्या प्रवाशाचे बोलावणे कोणत्या चालकाच्या फोनवर आधी जावे, पाऊस पडू लागल्यावर भाडे किती चढावे, जमा रकमेतून किती कापून घ्यावे आणि कमी गुण मिळालेल्या चालकाचे खाते केव्हा बंद करावे, हे सारे त्या गणितात ठरते, आणि ते चालकाला दिसत नाही तसे प्रवाशालाही दिसत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने या मध्यस्थाला प्रथमच कायद्यात स्थान दिले. शासकीय मराठीत त्याला समुच्चयक म्हणतात. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी भाड्यातील किमान ८० टक्के वाटा चालकाला मिळावा असे सांगितले. मात्र वाटा किती हे ठरवून देणे आणि तो मोजून पाहता येणे यांत मोठे अंतर आहे, आणि हे अंतर बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांना जितके परिचयाचे आहे तितके ते महाराष्ट्रात क्वचितच कोठे असेल.

हे दोन्ही तालुके साखर कारखान्यांचे आहेत. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी आणि शहाजीनगर येथील सहकारी कारखाने हे येथील केवळ उद्योग नव्हेत, तर गावोगावच्या सार्वजनिक जीवनाचे कणे आहेत. ऊसदराच्या बाबतीतही वाट्याचे सूत्र कायद्याने बांधलेले आहे: महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊस दर विनियमन कायद्यानुसार साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातील ७० टक्के भाग ऊस उत्पादकाचा आणि ३० टक्के कारखान्याचा. परंतु राज्याच्या ऊसपट्ट्यात शेतकऱ्यांचा रोष वारंवार उसळला तो या सूत्रावरच नव्हे, तर वजनकाट्यावरही. गाडीत भरलेला ऊस काट्यावर जाईपर्यंत शेतकऱ्याचा असतो. काट्याने जो आकडा दाखवला त्यावर पुढचा सारा हिशेब उभा राहतो, आणि म्हणूनच काटामारीची तक्रार खाजगी कारखान्यांबाबत झाली तशी सभासदांच्या मालकीच्या कारखान्यांबाबतही झाली. प्रवासी ॲपमधील गणित हा भाड्याचा काटा आहे, आणि मुक्तस्रोत पर्यायांची सारी चर्चा मुळात त्या काट्याच्या तपासणीची चर्चा आहे.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा मूळ कोड, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांचा संपूर्ण मजकूर, कोणालाही वाचता, वापरता आणि बदलता येतो असे सॉफ्टवेअर. या क्षेत्रातील भारतातील सर्वांत ठळक उदाहरण बंगळुरूचे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील ऑटोरिक्षा चालकांच्या संघटनेने जस्पे या कंपनीच्या साहाय्याने 'नम्मा यात्री' हे ॲप सुरू केले. त्यात भाड्यावर कमिशन नव्हते. पुढे चालकाकडून दिवसाला २५ रुपये इतकी ठरीव वर्गणी घेण्याची पद्धत आली, आणि किती फेऱ्या झाल्या, चालकांना किती मिळाले हे आकडे सर्वांसाठी खुले ठेवण्यात आले. त्याचा कोड एजीपीएल या परवान्याखाली प्रसिद्ध आहे. या परवान्याची अट अशी, की जो कोणी हा कोड बदलून त्यावर सेवा चालवील त्याने आपले बदलही वापरकर्त्यांना खुले केले पाहिजेत. म्हणजे एकदा उघडलेला काटा पुढच्या मालकाने झाकून ठेवू नये, याची तजवीज परवान्यातच आहे.

या ॲपच्या मुळाशी 'बेकन' नावाचा प्रोटोकॉल आहे. प्रोटोकॉल म्हणजे निरनिराळ्या संगणकप्रणालींनी एकमेकींशी व्यवहार करताना पाळायची सामाईक नियमावली. ई-मेल एका कंपनीच्या खात्यातून दुसऱ्या कंपनीच्या खात्यात बिनबोभाट पोचते ती अशाच नियमावलीमुळे. बेकनमध्ये प्रवाशाचे ॲप आणि चालकाचे ॲप एकाच कंपनीचे असण्याची गरज उरत नाही. प्रवाशाने कोणत्याही ॲपवरून मागणी नोंदवावी, ती जाळ्यातील सर्व पुरवठादारांकडे जावी आणि ज्याची गाडी जवळ असेल त्याने उत्तर द्यावे, अशी ती रचना आहे. केरळमध्ये २०२१ साली याच पायावर कोची ओपन मोबिलिटी नेटवर्क उभे राहिले. अशा रचनेला विकेंद्रित म्हणतात. त्याचा येथे अभिप्रेत असलेला अर्थ एवढाच, की जाळे सर्वांचे असावे आणि त्याची गुरुकिल्ली कोणा एकाकडे नसावी.

या रचनेचा परिणाम तिच्या सीमेबाहेरही झाला. कमिशनशिवाय ॲप चालू शकते हे दिसल्यावर मोठ्या कंपन्यांनाही आपली रीत बदलावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये उबरने भारतातील ऑटोरिक्षांसाठी कमिशन सोडून चालकाकडून वर्गणी घेण्याचा मार्ग स्वीकारला. हे यश लहान नाही, आणि केवळ त्यासाठीही मुक्तस्रोत चळवळीचे ऋण मान्य केले पाहिजे.

तरीही कोड वाचता येणे म्हणजे कारभार हाती असणे नव्हे. नम्मा यात्रीचे काम पुढे मूव्हिंग टेक या स्वतंत्र कंपनीकडे गेले आणि २०२४ मध्ये तिच्यात गूगल आणि ब्लूम व्हेंचर्स यांसारख्या गुंतवणूकदारांनी भांडवल घातले. त्यात गैर काही नाही. संगणक चालते ठेवण्यास, नकाशाचे शुल्क भरण्यास आणि रात्री-अपरात्री आलेली तक्रार ऐकण्यास पैसा लागतोच. परंतु वर्गणी उद्या किती असावी हा निर्णय अशा रचनेत कंपनीचे संचालक घेतात, चालक घेत नाहीत. दुसऱ्या टोकाला २०१६ च्या सुमारास पुढे आलेल्या 'लिब्रेटॅक्सी'चे उदाहरण आहे. टेलिग्राम या संदेश-ॲपवर चालणाऱ्या या मुक्तस्रोत सेवेत मध्यस्थ जवळजवळ नाहीसाच केलेला होता: प्रवाशाने मागणी लिहावी, चालकाने भाव सांगावा, घासाघीस व्हावी आणि पैसे रोख द्यावेत. मात्र चालक कोण, त्याचा परवाना खरा की खोटा, वाटेत अपघात झाल्यास दाद कोणाकडे मागावी, याची जबाबदारीही मध्यस्थाबरोबरच नाहीशी होते. रात्री उशिरा भिगवण स्थानकावर उतरून वस्तीवर एकटी जाणारी विद्यार्थिनी अशा जबाबदारीवाचून चालणाऱ्या सेवेवर विसंबू शकणार नाही.

सरकारने स्वतः ॲप चालवावे, हा तिसरा मार्ग. केरळने ऑगस्ट २०२२ मध्ये आठ टक्के सेवाशुल्कावर 'केरळ सवारी' सुरू केली, पण पुरेसे चालक आणि प्रवासी तिला सुरुवातीला लाभले नाहीत. गोव्यात २०१८ साली पर्यटन विकास महामंडळाच्या आश्रयाने आलेल्या 'गोवा माइल्स'ला तेथील टॅक्सीमालकांनी कडवा विरोध केला. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी एस.टी. महामंडळामार्फत शासकीय ॲप आणण्याची घोषणा केली. ज्या चालकांसाठी सेवा उभारायची त्यांचा सहभाग आरंभापासून नसेल तर सेवा कागदावर चोख आणि रस्त्यावर रिकामी राहते, हा केरळ आणि गोवा या दोन्हींचा धडा महाराष्ट्राने घ्यावा.

उरतो तो सहकाराचा मार्ग. जून २०२५ मध्ये सहकार टॅक्सी ही संस्था बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली नोंदली गेली. अमूल, इफ्को आणि नाबार्ड यांसारख्या संस्था तिच्या प्रवर्तक आहेत, आणि डिसेंबर २०२५ मध्ये 'भारत टॅक्सी' या नावाने दिल्लीत तिची चाचणी सुरू झाली. ही कल्पना स्वागतार्ह आहे, पण देशव्यापी संस्थेत बारामतीच्या एका रिक्षाचालकाचे एक मत कितपत ऐकू येईल, ही शंका रास्त आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला कारखाना उभारला तेव्हा सभासद आणि कारखाना यांच्यातील अंतर बैलगाडीच्या एका दिवसाच्या टप्प्यातले होते, आणि सभासदाला सर्वसाधारण सभेत उभे राहून अध्यक्षाला जाब विचारता येत होता. पुढे अनेक ठिकाणी तो आवाज क्षीण झाला, पॅनेलच्या राजकारणात सभा उरकल्या जाऊ लागल्या, हेही तितकेच खरे आहे. म्हणून सहकाराने मुक्तस्रोताकडून तपासणीची खुली पद्धत घ्यावी आणि मुक्तस्रोताने सहकाराकडून मताचा अधिकार घ्यावा. तालुका पातळीवरची चालकांची संस्था, तिच्या हाती खुला कोड, आणि इतर तालुक्यांच्या संस्थांशी तिला जोडणारा सामाईक प्रोटोकॉल, ही रचना या दोन तालुक्यांना सर्वांत साजेशी आहे. ज्या बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या 'ॲपे' तीनचाकी तयार होऊन देशभर जातात, तेथील चालकांना गाडीइतकाच तिचा हिशेबही आपल्या हातात असावा असे वाटणे स्वाभाविक आहे.

भाडेदराच्या बाबतीत तर खुलेपणाची परंपरा येथे आधीपासूनच आहे. रिक्षाचे दर प्रादेशिक परिवहन प्राधिकरण जाहीरपणे ठरवते. १ सप्टेंबर २०२२ पासून पुणे, पिंपरी-चिंचवड आणि बारामती या क्षेत्रांसाठी पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये असा दर लागू झाला. हे सूत्र कोणालाही पडताळता येते.

खरी अडचण शहराच्या हद्दीबाहेर सुरू होते. सणसर, जंक्शन, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी या बारामती-इंदापूर वाटेवरील गावांत संपूर्ण रिक्षा भाड्याने करणे बहुतेकांना परवडत नाही. तेथील नेहमीचा प्रवास एस.टी.ने होतो किंवा वडापने, म्हणजे माणशी भाडे घेऊन भरल्यावर निघणाऱ्या जीपने. २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळलेल्या एस.टी. संपाच्या काळात ग्रामीण महाराष्ट्राचा मोठा भार अशाच वाहनांनी वाहिला आणि खुद्द शासनाला खाजगी वाहनांना प्रवासी नेण्याची तात्पुरती मुभा द्यावी लागली. परंतु कायद्याच्या दृष्टीने वडाप ही अवैध वाहतूक आहे, कारण या गाड्यांकडे सहसा कंत्राटी परवाना असतो, म्हणजे संपूर्ण गाडी एका गिऱ्हाइकाला देण्याचा. वाटेत जागोजागी प्रवासी चढवून त्यांच्याकडून वेगवेगळे भाडे घेण्यास टप्पा वाहतुकीचा परवाना लागतो, आणि तो प्रांत प्रामुख्याने एस.टी.चा आहे. एस.टी.चे रक्षण झालेच पाहिजे, कारण सवलतीचा पास, शाळेची फेरी आणि तोट्यातला मुक्काम वडाप सांभाळणार नाही. तथापि एस.टी. जेथे थांबते तेथून वस्तीपर्यंतचा शेवटचा टप्पा नोंदणीकृत चालकांच्या संस्थेला माणशी भाड्याने देता येईल, आणि खुल्या प्रोटोकॉलमुळे एस.टी.चे वेळापत्रक व संस्थेची गाडी एकाच मागणीत जोडता येतील. व्यावसायिक ॲपची आखणी मुख्यत्वे दाट वस्तीच्या शहरातील स्वतंत्र फेरीभोवती झाली आहे. माणशी भाड्याचा आणि उसाच्या हंगामात बदलणाऱ्या गर्दीचा विचार ज्यांना करावाच लागतो, त्यांनीच कोडमध्ये तो लिहिला पाहिजे.

नकाशाचेही तेच. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या प्रकल्पात कोणालाही आपल्या परिसराची नोंद करता येते आणि ती सर्वांना विनामूल्य वापरता येते. वस्त्या, फाटे, कालव्यावरचे पूल आणि पावसाळ्यात बंद होणारे रस्ते यांची नोंद बारामतीच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी चांगल्या रीतीने करू शकतील, आणि त्या नोंदीचा उपयोग रुग्णवाहिकेलाही होईल.

एवढे सारे जुळून आले तरी दारात नियम उभा आहे. केंद्राच्या २०२० च्या सूचनांनी समुच्चयकाच्या परवान्यासाठी पाच लाख रुपयांचे शुल्क सांगितले आणि एक हजारापर्यंत मोटारी असलेल्या सेवेसाठी दहा लाख रुपयांची अनामत. ही सर्वांत खालची पायरी आहे. म्हणजे दीडशे रिक्षाचालकांच्या तालुका संस्थेने हजार गाड्यांच्या कंपनीइतकीच रक्कम उभी करायची. या मोजमापात दीडशे चालकांपैकी प्रत्येकावर दहा हजार रुपयांचा बोजा पडतो, तर हजार गाड्यांच्या सेवेत तो गाडीमागे दीड हजारावर येतो. सहकारी संस्थांसाठी, सदस्यसंख्येच्या प्रमाणात शुल्क आणि अनामत असलेली वेगळी पायरी राज्याच्या नियमांत घालणे हे बेकनपेक्षा किंवा एजीपीएलपेक्षा कितीतरी सोपे काम आहे. त्यासाठी नवा कोड लिहावा लागत नाही, मंत्रालयातून एक अधिसूचना निघावी लागते, आणि एम.एच. ४२ या क्रमांकाच्या गाड्या नोंदवणाऱ्या बारामतीच्या परिवहन कार्यालयाला पहिला अर्ज तपासावा लागतो.